"ज्याची तलवार त्याची विहीर" हे खरं नाहीये

परवा तो मेसेज मला परत आला, या महिन्यात तिसऱ्यांदा. मस्कतमधल्या आपल्या मराठी लोकांपासून धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या माझ्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी फॉरवर्ड केलाय. मजकूर थोडक्यात असा: तेल सापडायच्या आधी अरबस्तानात नुसती वाळू आणि भटक्या टोळ्या होत्या, विहिरीचा कायदा एकच, ज्याची तलवार त्याची विहीर. जमिनीची मालकी म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पाणी साठवायला आणि वाटायला परदेशी इंजिनियरांनी शिकवलं. टोळ्यांनी बेसुमार जनावरं चारून वाळवंट अजून उजाड केलं. आणि आता समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट आले, म्हणजे प्रश्न कायमचा मिटला.

मी ओमानमधे निझव्याला नऊ वर्षं काढली, साइटवर सुपरवायझर म्हणून, आणि तिथल्या बऱ्याचशा संध्याकाळी फलजच्या, म्हणजे तिकडच्या जुन्या पाण्याच्या पाटाच्या, काठावर बसून गेल्या. त्यामुळे हा मेसेज वाचला की मला खरंच वाईट वाटतं. एकेक मुद्दा घेतो.

आधी एक शब्दाचं. मराठीत "टोळी" म्हटलं की दरोडेखोरांची टोळी, टोळधाड, असंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. तिकडे शब्द आहे कबिला, आणि कबिल्याची माणसं म्हणजे सगळी उंटावरची नव्हेत, ओमानमधे तर बहुतेक कबिले शेकडो वर्षं गावात राहून खजूर पिकवणारे. मी कबिलाच म्हणणार.

"पाणी वाटायला परदेशी लोकांनी शिकवलं"

हा सगळ्यात चुकीचा मुद्दा म्हणून यावर जरा जास्त लिहितो. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी आईविहीर खणायची, जमिनीतलं पाणी लागलं की तिथून अगदी बारीक उताराचा बोगदा काढत गावापर्यंत आणायचा, मधे मधे हवेसाठी आणि माती काढण्यासाठी उभी विवरं, पंप नाही, इंजिन नाही, पाणी आपल्या वजनाने चालत येतं, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर. सगळे फलज असे बोगद्याचे नसतात, काही झऱ्यावरचे, काही वाहत्या वादीतून, म्हणजे ओढ्यातून, उघड्या पाटाने काढलेले. १९९७ च्या सुमाराला ओमान सरकारने मोजणी केली तेव्हा चार हजारांवर फलज निघाले आणि त्यातले तीन हजारांच्या आसपास चालू होते. २००६ मधे युनेस्कोने पाच फलज जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातला दारिस आमच्या निझव्याचा. आणि हे किती जुनं? अमिरातीतल्या अल ऐनजवळ बिदा बिंत सौद इथे सापडलेला फलज इसवी सनापूर्वी १००० च्या आसपासचा धरतात. ही कला इराणातून आली की इथेच उगवली यावर पुरातत्त्ववाल्यांचा वाद आहे, पण तेलकंपनीच्या इंजिनियरने शिकवली असं त्यांच्यातला कोणीच म्हणत नाही.

बांधकाम एक वेळ बाजूला ठेवा, खरी अक्कल वाटपात आहे. फलजचं पाणी लिटरमधे नाही, वेळेत वाटतात. अथर हे माप, साधारण अर्धा तास. कोणाचे दोन अथर, कोणाचा अर्धा, आणि ठरलेल्या दिवसांनी पाळी परत येते. दिवसा काठीच्या सावलीवर वेळ मोजायची आणि रात्री ताऱ्यांवर, आता हातात घड्याळं आहेत पण काही गावांत सावलीची काठी अजून उभी दिसते. आता यात काय होतं बघा, दुष्काळ पडला, पाणी निम्मं झालं, तरी माझा अर्धा तास अर्धाच तास राहतो, फक्त त्या अर्ध्या तासात पाणी कमी येतं, म्हणजे तूट आपोआप सगळ्यांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात जाते, कोणाला कोणाचं तोडायला लागत नाही, भांडण उभं राहायलाच जागा कमी. शिवाय खजुराच्या बागा पाटाला जवळ आणि हंगामी पिकं लांब टोकाला, पाणी घटलं की टोकाची शेतं पडीक ठेवायची आणि झाडं वाचवायची.

फलज गावात जिथे उघडा होतो त्या जागेला शरिया म्हणतात. तिथे पहिलं पाणी पिण्याचं, कोणीही भरावं, वाटसरूनेसुद्धा, त्याला पाळी नाही आणि पैसेही नाहीत. मग खाली मशिदीचं, अंघोळीचं, धुण्याचं, आणि त्यानंतर शेतीचं. कारभार बघणाऱ्याला म्हणतात वकील. आपल्याकडे तोच शब्द कोर्टात गेला, तिथे तो पाण्यावर राहिला. त्याच्या हाताखाली अरीफ, जो पाळ्या सांभाळतो, आणि फलजच्या नावावर काही अथर ठेवलेले असतात त्यांचा लिलाव करून दुरुस्तीचा खर्च निघतो. हिस्से वारशाने जातात, बायकांच्याही नावावर असतात, माझ्या घरमालकाच्या आईचा स्वतःचा अर्धा अथर होता आणि तो कोणाला भाड्याने द्यायचा ते ती ठरवायची.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पांझरा नदीवरचे फड आठवले, आमच्याकडची गावाने मिळून पाणी वाटायची जुनी पद्धत. तोच पाट, तोच गावाने नेमलेला पाटकरी, पाणी कमी तर सगळ्यांनाच कमी. साक्री तालुक्यातल्या माणसाला फलज समजवायला अर्धा तास पुरतो. मग तोच माणूस हा मेसेज फॉरवर्ड करतो याचं मला जास्त दुःख होतं.

आणि फक्त ओमान नाही. येमेनमधे मारिबचं धरण इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या आसपासचं, पुराचं पाणी अडवून दोन बाजूंच्या बागांना द्यायचं. सहाव्या शतकात ते फुटलं तेव्हा अब्रहा नावाच्या राजाने दुरुस्ती केली आणि ती दगडावर कोरून ठेवली, ५४८ सालच्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात कबिल्यांना कामाला बोलावल्याचं, मधेच साथ आली म्हणून त्यांना घरी सोडल्याचं आणि नंतर परत बोलावल्याचं लिहिलंय. एवढ्या लोकांना धरणावर आणून, खाऊ घालून काम करून घेणं आणि साथ आल्यावर सोडून देणं, ही काय पाण्याचं नियोजन नसलेल्या लोकांची गोष्ट आहे का? कूफ्याहून मक्केला जाणाऱ्या हाजींच्या वाटेवर बगदादचा खलिफा हारून अल रशीदच्या बायकोने, जुबैदाने, तलाव आणि विहिरी बांधून घेतल्या, त्या रस्त्याला अजून तिचंच नाव आहे, दर्ब जुबैदा. ती ८३१ मधे वारली. तेल सापडलं त्याच्या अकराशे वर्षं आधी.

"ज्याची तलवार त्याची विहीर"

मारामाऱ्या झाल्या नाहीत असं मी म्हणत नाहीये. उंट पळवायच्या धाडी व्हायच्या, विहिरीवरून रक्तही सांडलंय. पण भांडणं होतात याचा अर्थ कायदा नव्हता असा होत नाही, आपल्याकडे बांधावरून खून पडतात म्हणून सातबारा नाही असं कोणी म्हणेल का?

पैगंबरांचं वचन तिकडे लहान पोराला पाठ असतं, माणसं तीन गोष्टींत भागीदार आहेत, पाणी, चारा आणि अग्नी. त्यावर पुढे फिक्हवाल्यांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, दोन हक्क वेगळे केले. शफा म्हणजे तहानेचा हक्क, माणसाचा आणि जनावराचा, तो कोणाला नाकारता येत नाही, विहीर तुम्ही स्वतः खणली असली तरी. आणि शिर्ब म्हणजे शेताला पाणी द्यायचा हक्क, त्याला मालकी आहे, तो विकता येतो, वारशाने जातो. विहिरीच्या भोवतीची ठरावीक जागा हरीम, तिथे दुसऱ्याने खणायचं नाही, कारण खणलं तर पहिलीचं पाणी ओढलं जाणार. म्हणजे भूजल एकमेकाला जोडलेलं असतं हे त्यांच्या कायद्यातच होतं. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बोअरला खेटून बोअर मारतात तेव्हा मला हा शब्द हमखास आठवतो.

बदू, म्हणजे वाळवंटात फिरणाऱ्या अरब, लोकांत कोणती विहीर कोणाची हे सगळ्यांना माहीत असायचं. उंटांवर कबिल्याची खूण डागतात, तिला वस्म म्हणतात, आणि तीच खूण विहिरीजवळच्या खडकांवरही कोरलेली सापडते. दुसऱ्या कबिल्याने परवानगी घेऊन यायचं, घेतली तर पाणी मिळायचं.

"त्यांना जमीन म्हणजे काय ठाऊक नव्हतं"

दिरा. हा एक शब्द त्या मेसेजवाल्याने ऐकला असता तर हा मुद्दा लिहिलाच नसता. दिरा म्हणजे कबिल्याचा फिरायचा मुलूख, पावसाळी कुरणं, उन्हाळी विहिरी, वाटा, सगळं मिळून. "आज इथे उद्या तिथे" असं कोणी फिरत नव्हतं, हिवाळ्यात पाऊस पडला की रानात पांगायचं आणि उन्हाळ्यात आपल्या विहिरींवर परत यायचं. आपले धनगर दरवर्षी कोकणात उतरतात आणि परत येतात, ते काय वाट चुकून जातात का? आणि अरबस्तानातली पुष्कळ माणसं भटकी नव्हतीच. अल अहसाचं मरूद्यान बघा, २५ लाख खजुराची झाडं, २०१८ पासून जागतिक वारसा. अशी बाग जमिनीची मालकी ठाऊक नसलेले लोक उभी करत नाहीत.

गोंधळ कुठे झाला ते १९२२ च्या उकैर करारात दिसतं. ब्रिटिशांचे पर्सी कॉक्स यांनी नज्द (आजच्या सौदीचा मधला भाग), इराक आणि कुवेत यांच्या मधे नकाशावर रेघ ओढली. रेघ पडली ती कबिल्यांच्या दिरामधून, विहिरी एका बाजूला आणि कुरणं दुसऱ्या. ते त्यांनाही कळत होतं म्हणून तर दोन "तटस्थ" पट्टे सोडायला लागले, आणि इराक-नज्द सीमेजवळच्या विहिरींवर किल्ले बांधायचे नाहीत, लष्करी वापर करायचा नाही असं दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. १९२७ मधे इराकने बुसय्याच्या विहिरींवर पोलीस ठाणं बांधायला घेतलं. ब्रिटिश म्हणाले ही जागा सीमेपासून लांब आहे, कराराचा भंग नाही. नज्दच्या मुतैर कबिल्यातल्या इख्वानांना, म्हणजे कट्टर धर्मयोद्ध्यांना, ते मान्य नव्हतं, त्यांनी हल्ला करून तिथली माणसं मारली. मारणं चूकच, पण मूळ भांडण विहिरीवर ठाणं बांधण्याचं होतं, नकाशातल्या रेघेने दिरा कापला त्याचं होतं. ते सांगायचं सोडून "जंगली टोळ्या" एवढंच सांगितलं जातं.

"टोळ्यांनी चारून चारून उजाड केलं"

इथे तर नेमकं उलट घडलंय. हिमा म्हणून प्रथा होती, इस्लामच्याही आधीपासूनची, कुरणाचा काही भाग राखून ठेवायचा. कुठे ठरावीक महिन्यांपुरती चराई बंद, कुठे फक्त कापून न्यायचं, कुठे फक्त दुष्काळात उघडायचं. राखण गाव किंवा कबिला करायचा, मोडलं तर दंड. १९५३ मधे सौदी सरकारने हुकूम काढून कबिल्यांचे हिमा रद्द केले आणि चराई सगळ्यांना खुली केली. हेतू वाईट नसेल, कबिल्यांची मक्तेदारी मोडायची होती. पण जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, राखणदारच गेला.

त्यात ट्रक आला. आधी कळप विहिरीपासून जेवढा लांब जाऊ शकेल तेवढंच रान चरलं जायचं, त्यापलीकडचं आपोआप वाचायचं. टँकरने पाणी कळपापर्यंत जायला लागलं तशी ती मर्यादा संपली, मेंढ्या कुठेही, कितीही, वर्षभर. सिरियातही १९५८ मधे कबिल्यांचा कायदा रद्द झाला, पाठोपाठ मोठा दुष्काळ आला, आणि काही वर्षांनी सरकारलाच हिमाच्या नावाने सहकारी संस्था काढायला लागल्या. उजाड झालं हे खरं आहे, पण कबिल्याचे नियम होते म्हणून झालं की ते मोडले म्हणून झालं, हे तरी विचारा.

"आता प्रश्न मिटला"

प्लांट महत्त्वाचे आहेत, मी स्वतः नऊ वर्षं तेच पाणी वापरलंय. कुवेतला तर १९५० च्या आसपासपर्यंत इराकमधल्या शत्त अल अरब नदीतून गलबतांतून पिण्याचं पाणी आणत होते, तिथे १९५३ च्या प्लांटने केवढा दिलासा मिळाला असेल. पण ते पाणी मुख्यतः शहरांना जातं. शेती अजून जमिनीतलं पाणी उपसते, आणि सौदीतलं खोलवरचं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळातलं, ते परत भरत नाही. १९८० च्या दशकात सरकारी पैशावर तेच पाणी उपसून सौदीने गहू पिकवला, इतका की तो निर्यात व्हायला लागला, १९९२ च्या सुमाराला उत्पादन ४० लाख टनांवर गेलं. शेवटी पाण्याची पातळी बघून सरकारने हळूहळू माघार घेतली आणि २०१६ मधे देशातल्या गव्हाची खरेदी बंद केली, पुढे ती मर्यादित प्रमाणात परत सुरू झाली. हा कारभार कुठल्या कबिल्याने नाही केला, सबसिडीने आणि पंपाने केला. येमेनमधेही डिझेलवरच्या बोअरवेल आणि खात नावाच्या नशेच्या पाल्याची शेती वाढल्यावर साना खोऱ्याचं पाणी खोल खोल गेलं. ओमानच्या बातिना किनाऱ्यावर उपसा इतका झाला की समुद्राचं पाणी विहिरींत शिरलं, बागा मेल्या.

फलजमधून उतारावर जेवढं पाणी येईल तेवढंच मिळतं, बोगद्याच्या पातळीखालचं पाणी तो ओढूच शकत नाही. पंपाला ती अट नाही. निझव्यात मी राहायचो तिथल्या वकिलाची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती, वरच्या अंगाला कोणीतरी नवीन बोअर मारलीय आणि दोन उन्हाळ्यांत पाटाची पातळी बोटभर खाली आलीय. पाटाच्या भिंतीवरची जुनी ओली रेघ बोटाने दाखवायचा तो, आणि खाली आत्ताचं पाणी.

मस्कतला असाल तर बिरकत अल मौजला जाऊन या, गाडीने दीड तास लागतो. खत्मैन फलज तिथेच आहे, पाणी वाहतंय.