शेवटच्या फेरीतली बरोबरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत चौदा चालींत बरोबरी करून उठणारे ग्रँडमास्टर आळशी असतात आणि मी माझ्या लेखात 'पोटापाण्याचा हिशेब' म्हणत त्यांची वकिली केली, असा तुमचा आक्षेप आहे. वकिली केली हे कबूल. आळशी मात्र म्हणू नका.

नऊ फेऱ्यांची खुली स्पर्धा घ्या; विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. आठ फेऱ्यांनंतर दोघे सात गुणांवर, मागे सहा गुणांवर सात-आठ जण. दोघांनी बरोबरी केली की साडेसात, पहिली दोन बक्षिसं त्यांचीच. हरलात तर सातावरच अडकता, आणि सहावरून जिंकून आलेले तीन-चार जण वाटेकरी होतात. स्वखर्चाने आलेल्या माणसाचा प्रवासखर्चही मग सुटेलच असं नाही.

त्यात रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा. 2550चा ग्रँडमास्टर 2350च्या पोराशी खेळतो, तेव्हा त्याच्याकडून सुमारे 0.76 गुणाची अपेक्षा धरलेली असते. जिंकला तर रेटिंगमध्ये जेमतेम 2.4 मिळतात, बरोबरीत 2.6 जातात, हरला तर 7.6. आणि ते पोर बऱ्याचदा आपल्या रेटिंगपेक्षा बरंच तगडं असतं! असे पाच-पाच तासांचे डाव आधीच्या फेऱ्यांत झालेले असतात. तुम्ही पाहिलात तो फक्त शेवटचा.

निकाल आधीच ठरवून खेळणं वेगळं. ते नियमबाह्य आहे, त्याची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही.

प्रेक्षकाची फसवणूक होते हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 2005मध्ये बल्गेरियातल्या सोफियातल्या स्पर्धेत आपसांत बरोबरी मान्य करायलाच बंदी घातली, म्हणून तो 'सोफिया नियम'. पण पटावर तीनदा तीच स्थिती आली की बरोबरी मागता येते, त्याला कोण अडवणार? बर्लिन बचाव नावाच्या सुरुवातीत पांढरा वजीर डी4-ई4, काळा डी6-ई6 या घरांत येरझारा घालतात, की चौदाव्या चालीच्या सुमारास दोघे सही करून मोकळे. बहुधा तुम्ही तोच डाव पाहिला असणार.

तुम्ही दाखवलेली चूक खरी आहे. ग्रँडमास्टर किताबासाठी 2500 रेटिंग 'टिकवावं' लागतं असं मी लिहिलं होतं. तीन नॉर्म (किताबासाठी धरली जाणारी स्पर्धेतली दमदार कामगिरी) असले की 2500ला एकदा शिवणं पुरतं, अगदी स्पर्धेच्या मध्यावरसुद्धा; पुढे रेटिंग घसरलं तरी किताब जात नाही. मूळ लेखातलं वाक्य बदललंय.