अक्षर न बदलता बदललेली गोष्ट

बायबलच्या प्रती हाताने उतरवणाऱ्या नकलकारांनी त्यात मुद्दाम खोट्या गोष्टी घुसवल्या असं एका लेखात सरसकट म्हटलंय ते काही पटलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली (शुभवर्तमानं म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं) व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट घ्या, 'पहिला दगड कोण मारणार' वाली, ती चौथ्या शतकातल्या सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस या बायबलच्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाहीये, नंतरच्या काही प्रतींत तर ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात सापडते, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली जिव्हाळ्याची गोष्ट कुठेतरी टिकावी म्हणून कुणीतरी लिहून ठेवली असेल असं मला वाटतं, याला फसवणूक कसं म्हणायचं? खरं नुकसान अर्थ लावणाऱ्यांनी केलं. येशूची शिष्या मग्दालीया मरीया वेश्या होती असं चारही शुभवर्तमानांत कुठ्ठेही नाही, पण ५९१ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने प्रवचनात तिला लूकमधल्या पापी बाईशी आणि बेथानी गावच्या दुसऱ्या मरीयेशी एकच करून टाकलं (पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानलं नाही), आणि पश्चिमेत चित्रकारांनी शतकानुशतकं तिला केस मोकळे सोडून रडणारीच दाखवली. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चच्या सणांच्या पंचांगातून ही सरमिसळ काढली, २०१६ मध्ये तिच्या सणाच्या दिवसाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, सणांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. रिकामी कबर बघणारी, पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगणारी बाई होती हो ती!