एक स्टार, ब्लेड सर्व्हर आणि फ्लॅश कार्ड : दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. फोन न करता उत्तर इथेच देतोय. जुने ब्लेड सर्व्हर (एकाच पेटीत शेजारी शेजारी खोचलेले पातळ सर्व्हर) सांभाळून चालवणारे कारखाने पिंपरी-चिंचवड पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि तुमचं वाचून उद्या कुणी आपल्या सिस्टिमवाल्याला तेच करायला लावेल, ही मला धास्ती आहे.

ज्यांनी रिव्ह्यू पाहिला नाही त्यांच्यासाठी : भोसरीतल्या या कारखान्याच्या ब्लेड सर्व्हरमध्ये आम्ही फ्लॅश कार्डं (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान साठवण) बसवली. डेटाबेसचं वाचन दर वेळी स्टोरेजच्या फिरत्या डिस्कपर्यंत न जाता कार्डावरून व्हावं, एवढाच हेतू. ईआरपी (स्टॉक, हिशोब, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर) पळायला लागला. मग एका सोमवारी तो दुपारपर्यंत रांगत होता, आणि जीएसटीची २० तारीख तोंडावर. तक्रारी अशा : राइट-बॅक (डेटा लिहिण्याची एक वेगवान पद्धत, खाली सांगतो) मागूनही आम्ही चालू केलं नाही, त्या सोमवारी जुनं कार्ड काढून दुसऱ्या ब्लेडमध्ये घालायला आमच्या इंजिनियरने नकार दिला, कार्ड वापरलेलं निघालं, आणि फर्मवेअरच्या (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) किरकोळ कामाला आम्ही सर्व्हर बंद करायला लावतो. शिवाय मी फोनवर तुसडा बोलतो. हा शेवटचा मुद्दा आमच्या घरीही चर्चेत असतो, पुढे जाऊ.

रविवारी रात्री तुमच्या ईआरपीच्या ब्लेडचा मदरबोर्ड गेला. रिव्ह्यूमध्ये हे वाक्यच नाही. आमच्या इंजिनियरने त्या ब्लेडचं प्रोफाइल (सर्व्हरची ओळख आणि सेटिंग्ज) राखीव ब्लेडला जोडलं, सर्व्हर सॅनवरून (नेटवर्कने जोडलेल्या सामायिक स्टोरेजवरून) बूट झाला आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला लोकांनी लॉगिन केलं. प्रोफाइलबरोबर मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची ओळख) जातो, सॅनची ओळख जाते, बूटची ऑर्डर जाते. कार्डावरचा डेटा जात नाही. तो ज्या ब्लेडमध्ये आहे तिथेच राहतो. राखीव ब्लेडमध्ये कार्ड होतं, पण कोरं.

वारंवार लागणाऱ्या डेटाची कार्डावर हाताशी ठेवलेली प्रत म्हणजे कॅश. कोऱ्या कॅशचा हिशोब साधा आहे. फिरत्या डिस्कवरून एक वाचन आठ मिलिसेकंदांत होतं असं धरा, कार्डावरून मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात. दहापैकी नऊ वाचनं कार्डावर भागली, तर सरासरी एक मिलिसेकंदाच्याही खाली येते. एकही भागलं नाही तर पुन्हा आठ. म्हणजे त्या सकाळी तुम्हाला जो वेग मिळाला तो कार्ड बसवण्याआधी रोज मिळत होता, फक्त मधल्या काळात सवय मोडली होती. लोक जसजसे तेच तेच लेजर उघडत गेले तसतशी कॅश भरत गेली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर गाडी रुळावर आली. त्यात अकाउंट्सने सकाळीच अख्ख्या वर्षाचा रिपोर्ट काढायला लावला होता. तो पुढे ढकला, अशी विनंती आम्ही केली होती.

आता राइट-बॅक. आज तुमच्याकडे राइट-थ्रू आहे : लिहिलेलं स्टोरेजपर्यंत पोचलं की मगच ईआरपीला ‘झालं’ असा निरोप जातो. राइट-बॅकमध्ये कार्डावर उतरलं की निरोप जातो, स्टोरेजवर नंतर सवडीने. दुकानदाराने उधारी चिठ्ठीवर टिपली आणि वहीत रात्री चढवीन म्हणाला, त्यातला प्रकार. वेग वाढतो, नाही कशाला म्हणू? पण तुमच्या ब्लेडमध्ये कार्ड एकच आहे, त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. राइट-बॅक चालू असतं तर त्या रविवारी स्टोरेजवर न पोचलेल्या सगळ्या नोंदी मेलेल्या ब्लेडमध्ये अडकल्या असत्या, आणि राखीव ब्लेडने त्यांच्याशिवायच डेटाबेस उघडायचा प्रयत्न केला असता. तो उघडला नसता तर निदान कळलं तरी असतं. अर्धवट उघडला असता तर तुम्ही २० तारखेला कुठल्या आकड्यांवर रिटर्न भरलं असतं, याचा विचार करा. दोन ब्लेडमधल्या कार्डांवर एकाच वेळी लिहिणारी व्यवस्था असते, तिचं कोटेशन आम्ही दिलं होतं. ते महाग वाटलं, हा तुमचा निर्णय आणि तो रास्तही असेल. पण त्या व्यवस्थेशिवाय राइट-बॅक मी चालू करणार नाही, दुसरा स्टार गेला तरी.

‘साधं कार्ड उचलून तिकडे घालायला काय लागतं?’ असं तुम्ही विचारलंय. हे कार्ड पुढून ओढून काढता येणाऱ्या डिस्कसारखं नसतं. ते मेझनीन कार्ड आहे, म्हणजे ब्लेडच्या आत मदरबोर्डवरच्या कनेक्टरवर बसतं. म्हणजे चालू झालेली राखीव ब्लेड पुन्हा बंद करा, चॅसिसमधून (ब्लेडच्या पेटीतून) बाहेर काढा, झाकण उघडा. शिवाय वीज अचानक गेलेलं या जातीचं कार्ड पुन्हा जोडताना ड्रायव्हर (सर्व्हरवरून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्याचा सगळा नकाशा, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे त्याची यादी, नव्याने बांधत बसतो. हे सगळं एक वेळ केलं असतं. पण तोवर स्टोरेजवरचा डेटा पुढे सरकला होता आणि कार्डावर रविवारच्या प्रती होत्या. ती कॅश तशीच जोडली तर ईआरपी सोमवारचा स्टॉक विचारणार आणि कार्ड रविवारचा सांगणार, तेही झटकन. आमच्या इंजिनियरने नकार दिला त्याबद्दल मी त्याला शाबासकी दिली आहे.

कार्ड वापरलेलं आहे, बरोबर. कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ‘रिफर्बिश्ड’ (वापरलेलं, तपासून पुन्हा विकलेलं) लिहिलंय. या पिढीच्या ब्लेडसाठी नवीन कार्ड कुठून आणणार? ज्या फ्यूजन-आयओने ही जात बाजारात रुजवली ती २०१४ साली सॅनडिस्कने घेतली आणि सॅनडिस्क २०१६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. फ्लॅशची झीज लिहिण्याने होते. कार्ड स्वतःच किती लिहिलं गेलं ते मोजतं आणि राखीव जागा संपत आली की आधी लिहिण्याचा वेग पाडतं, मग फक्त वाचू देतं. तुम्ही फोटोत टाकलेला ९१ टक्क्यांचा आकडा शिल्लक आयुष्याचा आहे, झिजलेल्याचा नाही. रात्रीचा बॅकअप कॅशच्या बाहेर ठेवलाय तोही याचसाठी, नाहीतर तो रोज कामाचा डेटा हुसकावून कार्ड फुकट लिहीत बसला असता.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर जोडीने बदलावे लागतात आणि ब्लेड रीबूट होते, म्हणून आम्ही तुमच्या गुरुवारच्या सुट्टीला येतो. रॅम थोडी कमी दिसते ती ड्रायव्हर कार्डाचा नकाशा रॅममध्ये ठेवतो म्हणून.

एक काम मात्र तुमच्याकडून अडलंय. मेलेल्या ब्लेडमधलं कार्ड आमच्याकडे सीलबंद आहे. कॅश असली तरी त्यावर तुमच्या डेटाबेसच्या प्रती आहेत : पगार, व्हेंडरचे दर, सगळं. ते पुसून नव्या मदरबोर्डवर बसवायला कंपनीच्या लेटरहेडवर परवानगी लागते. मेल दोनदा केलाय, परचेस विभागात पडून आहे. ते पत्र बुधवारपर्यंत आलं तर गुरुवारी ब्लेड बसवून टाकतो.