काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर: ‘तुरुंगात गर्द आपोआप सुटतो’

काकू,

गर्दच्या (म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइनच्या) व्यसनी कैद्यांना तुरुंगात औषधं देण्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, “सहा महिने आत काढले की गर्द आपोआप सुटतो. मग कैद्यांना औषधं कशाला? एक नशा काढून दुसरी द्यायची, तीही आमच्या कराच्या पैशातून!” एका गर्दुल्ल्याने तुमचं मंगळसूत्र ओढलं, त्याचा वळ अजून मानेवर आहे, हेही लिहिलंत. तो राग सोडा असं मी म्हणणार नाही. त्याला शिक्षा व्हायलाच हवी.

पण ‘आपोआप सुटतो’ हे मला मान्य नाही. माझा एक शाळासोबती चोरीच्या गुन्ह्यात आठ महिने आत होता. पहिले काही दिवस त्याने टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, भोगली. अंग पिळवटणं, ओकाऱ्या, जुलाब, डोळ्याला डोळा नाही. औषध कुणी दिलं नाही. पुढे जेवायला लागला, गाल भरले. भेटीहून आलेली त्याची आई आम्हाला सांगायची, “सुटला गं माझा पोर यातून.” बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी तो सार्वजनिक संडासात मेलेला सापडला. पूर्वी रोज घ्यायचा तेवढाच गर्द त्याने घेतला होता.

त्या ‘तेवढाच’मध्येच सगळं आहे. रोज घेणाऱ्याच्या शरीराला गर्द सोसायची सवय झालेली असते. काही आठवडे बंद राहिला की ती सवय मोडते, ओढ मात्र तशीच राहते. मग जुन्या मापाची पुडी श्वासच थांबवते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. आपण ज्याला व्यसनमुक्ती समजतो, ती नुसती सक्तीची उपासमार असते.

‘दुसरी नशा’ ही शंका मात्र रास्त आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं अफूच्याच कुळातली. फरक असा, की ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली दिली तर ती ओढ शमवतात, टर्की येऊ देत नाहीत, आणि माणूस शुद्धीवर राहून काम करू शकतो. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये ही दोन्ही आणि गर्दचा अंमल चढू न देणारं नाल्ट्रेक्सोन, अशी तिन्ही औषधं तुरुंगातच द्यायला सुरुवात केली, आणि सुटताना कैद्याची बाहेरच्या दवाखान्याशी गाठ घालून दिली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत अतिसेवनाने गेलेल्यांपैकी २६ जण वर्षभराच्या आत तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत असे ९. मला त्यातली ‘गाठ घालून देणं’ ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आत दिलेलं औषध फाटकाशी तुटलं, तर माझ्या मित्रासारखंच होणार.

हे परदेशी थेर नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांचा उपचार २००८ मध्येच सुरू झाला. कराच्या पैशाचं म्हणाल, तर उपचाराविना सुटलेला माणूस पुन्हा पुडीसाठी कुणाच्या तरी गळ्यालाच हात घालतो. तो खर्चही आपलाच.

आता तुमचं शेवटचं वाक्य. शेजारचा मुलगा एका पुडीसह पकडला गेलाय, ‘त्यालाही चांगली अद्दल घडू दे’. काकू, एवढं करा. त्याच्या आईला आजच सांगा, की वकिलांना अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ए बद्दल विचार. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकला असेल आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं. खटला चाललाच आणि तो दोषी ठरला, तरी कलम ३९ खाली न्यायालय शिक्षा लगेच न सुनावता, त्याच्या संमतीने त्याला उपचाराला पाठवू शकतं. माझ्या मित्राच्या आईला हे कुणीच सांगितलं नव्हतं.