‘दोन फळ्या आणि थोडा वेग’: क्वाड पिकअपमध्ये अशी चढवू नका

भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तू उगाच बाऊ करतोस, हे बघ.’ व्हिडिओत एक जण सुसाट येतो, दोन लाकडी फळ्यांवरून क्वाड बाइक (चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी वर बसून चालवायची उघडी गाडी) पिकअपच्या हौद्यात चढवतो आणि दोन्ही हात वर करतो. सोबतचा मजकूर असा: मदतनीस नको, रॅम्प नको. (१) कुठल्याही दोन फळ्या चालतात. (२) लांबून वेग घ्या, मध्ये थांबू नका. (३) फळ्या बांधू नका, क्वाडच्या वजनाने त्या आपोआप दबून बसतात. (४) वर गेल्यावर गिअर आणि ब्रेक पुरे, पट्टे नकोत. (५) चाक घसरलंच तर मागून एकाने रेटा द्यावा.

सुरुवातीला मदतनीस नको आणि पाचव्या मुद्द्यात मागे माणूस उभा! लिहिणाऱ्याने स्वतःचाच मजकूर वाचलेला नाही. तरी तो फिरतोय, आणि आता आमच्या घरात शिरलाय.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण जीव त्यानेच जाईल. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेवर, टेकवलेली फळी म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. भार वर चढत जातो तसा तिचा खालचा पाय मागे सरकू पाहतो. हे झालं नुसत्या वजनाचं. त्यात चाकाचा रेटा वेगळाच. चाकं फळीला मागे ढकलतात म्हणून तर क्वाड वर जाते. जेवढा जोर तिला वर नेतो तेवढाच फळीला मागे लोटतो. मागची चाकं जमिनीवर आहेत तोवर हा रेटा जमीन सोसते. (फोर-व्हील ड्राइव्ह चालू असेल, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना मिळत असेल, तर पुढची चाकं फळीवर येताच फळीवरही रेटा सुरू होतो.) मागची चाकं फळीवर आली की सगळा रेटा फळीवर. पुढची चाकं हौद्यात टेकली की वजनाचा काही भाग फळीवरून निघूनही गेलेला असतो, म्हणजे ते ‘दबून बसणं’ ऐन गरजेच्या वेळी कमी होतं. आणि नेमका तेव्हाच चालवणारा शेवटचा जोर म्हणून थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दाबतो. फळीचं टोक फाळक्यावरून निसटतं, मागची चाकं खाली आदळतात, पुढची वरच राहतात आणि क्वाड मागे उलटते. खाली सापडतो तो वर बसलेला माणूस. कामाच्या मोठ्या क्वाडचं वजन सहज ३०० किलो असतं.

रॅम्पसोबत साखळ्या किंवा पट्टे देतात ते शोभेला नाही. ते पिकअपच्या चासीला किंवा मागच्या टोइंग हुकला अडकवायचे आणि जराही ढील न ठेवता ताणायचे. पिकअपचा हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे लावायचे. एवढं करायला किती वेळ लागतो?

फळ्यांबद्दल फार बोलत नाही. फाळका जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंच धरला, तर दीड मीटरच्या फळीचा चढ जवळजवळ ३५ अंश होतो; २.४ मीटरच्या रॅम्पचा २१ अंश. फळीत गाठ आहे का, ती ओली आहे का, किती भार पेलेल, हे व्हिडिओत कोण सांगतंय? रॅम्पवर लिहिलेल्या क्षमतेत क्वाड, तिच्यावरचं सामान आणि चालवणारा असं सगळं मोजायचं असतं. बरेच रॅम्प कमानदार असतात तेही उगाच नाही. सरळ फळीवर चढ संपतो तिथे क्वाडचं पोट फाळक्याच्या कडेला टेकू शकतं.

आता दुसरा मुद्दा. ‘मध्ये थांबू नका’ हे बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. चढावर थांबून पुन्हा थ्रॉटल दिला की पुढची चाकं उचलली जातात. पण न थांबणं वेगळं आणि वेगात येणं वेगळं. लो गिअर, फोर-व्हील असेल तर तो चालू, अंग पुढे झुकवलेलं, थ्रॉटल एकसारखा: क्वाड चालण्याच्या गतीने वर जाते. वेगात आलात तर हौदा संपतो तिथे केबिनची काच आहे.

गिअर आणि ब्रेकवाल्या चौथ्या मुद्द्यासाठी एकच आकडा देतो. अमेरिकेच्या व्यावसायिक मालवाहतुकीच्या नियमांत (४९ सीएफआर, ३९३.१०२) बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेला ०.८ जी आणि बाजूला व मागे ०.५ जी एवढा धक्का सोसला पाहिजे असं म्हटलंय; १ जी म्हणजे मालाच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर. ३०० किलोच्या क्वाडसाठी ०.८ जी म्हणजे २४० किलोचा पुढे जाणारा जोर. तुमची गाडी त्या नियमात बसत नसेल, पण कचकन ब्रेक लागला की जोर तोच. ब्रेकने क्वाडची चाकं फिरायची थांबतात, टायर हौद्यावरून घसरायचे थांबत नाहीत. खड्ड्यात तर ती क्षणभर हलकी होते. चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे (खटक्याच्या दांडीने ताणायचे पट्टे), फ्रेमला किंवा उत्पादकाने दाखवलेल्या जागी, सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत. काही अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायचे, कारण ते ढिले पडतात.

आणि पाचवा. २१ अंशांच्या चढावर ३०० किलोची क्वाड शंभराहून जास्त किलोच्या जोराने खाली ओढत असते, वर बसलेला माणूस वेगळाच. तिला मागून कोण रेटणार? मदतनीस जरूर घ्या, पण तो बाजूला, लांब उभा राहील आणि चाकं रॅम्पवर सरळ आहेत का ते बघून ओरडेल. मागे कोणीच नको. जवळ एखादा उंचवटा असेल तर पिकअपची पाठ त्याला लावा. फाळका आणि जमीन जवळ येतात आणि रॅम्प जवळजवळ आडवा होतो. तशी जागा नसेल आणि चढ उभा वाटत असेल तर विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढा, क्वाडवर कोणालाही न बसवता.