पाच हजार वॅट आणि अडीच एमएम

नवी पिकअप आली, लिंबू-मिरची बांधून झाली, मागच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' रंगवून झाला. आता राहिली ती टेप. कंपनीने बसवून दिलेल्या स्टिरिओत गाणी वाजतात, पण ती फक्त गाडीत बसलेल्यालाच ऐकू येतात, हा त्याचा मोठा दोष. तो कसा घालवायचा ते पाहू.

ऍम्प्लिफायर घेताना खोका वाचा. ज्यावर ५००० वॅट छापलंय तोच उचला. हजारवाला चारचौघांत शोभत नाही. पथ्य एकच पाळायचं. ऍम्प्लिफायरच्या कडेला दोन फ्युज खोचलेले असतात, त्यांच्यावरचा आकडा बघायचा नाही. ते ३०-३० अँपिअरचे असले तर झाले ६०. चालू गाडीत साधारण १३.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणारी पॉवरच ८२८ वॅट. क्लास एबी जातीचा ऍम्प्लिफायर त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतो. बाहेर पडतात चारशे-साडेचारशे. बाकीचे साडेचार हजार छापखान्यातच राहिले. दुकानदाराला 'आरएमएस किती?', म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट किती, असं विचारून त्याचा चहा गार करू नका.

स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती आवाज देतो, हा शब्द कानावर पडला तर विषय बदला. ८६ डेसिबलऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा पॉवर पुरते. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला लागते साधारण दहापट पॉवर. म्हणजे चांगले स्पीकर निवडले तर छोट्या ऍम्प्लिफायरवर केबिन भरून जाईल. मग दाखवायचं काय?

आता बचतीकडे वळू. जे दिसत नाही तिथे पैसा घालायचा नाही, हे सूत्र.

बॅटरीपासून सीटमागच्या ऍम्प्लिफायरपर्यंत चार-पाच मीटर वायर लागते. जाणकार चार गेजची, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर सांगतात. तुम्ही घराच्या फिटिंगमधून उरलेली अडीच एमएम, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची, वापरा. बेसच्या ठोक्याला ६० अँपिअर ओढले गेले की पाच मीटरच्या त्या वायरीत सव्वादोन-अडीच व्होल्ट वाटेतच गळतात आणि दीडशेच्या आसपास वॅट वायर तापवण्यात जातात. चार गेजमध्ये तोच तोटा पाव व्होल्टाचा. ठोक्यासरशी हेडलाइट मिचकतात, ते डिस्को लाइटसारखं दिसतं आणि त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. बाजारात जाड आणि स्वस्त अशी दुसरी वायरही मिळते: आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. कापून टोक खरवडलं तर पांढरं दिसतं, म्हणून खरवडू नका.

बॅटरीजवळचा मोठा फ्युज हीसुद्धा उधळपट्टीच. तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवायचा असतो, कारण त्याचं काम वायर वाचवणं, ऍम्प्लिफायर नव्हे. बॉनेटमधून केबिनमध्ये वायर घेताना पत्र्याला भोक पाडा आणि रबराचा ग्रोमेट मात्र घालू नका. गाडी हलते, पत्र्याची धार वायरचं आवरण घासते, सहा महिन्यांत उघडं तांबं पत्र्याला टेकतं. मध्ये फ्युज नसल्यामुळे बॅटरी शेकडो अँपिअर मोकळ्या मनाने देते. पुढे काय होतं ते लांबूनही दिसतं. फ्युज बसवलाच आणि तो उडाला, तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळा. ही विद्या आपल्याकडे सांगावी लागत नाही.

अर्थिंग सीटच्या नटाला द्या. रंग खरवडून, पत्र्याचं चकचकीत धातू उघडं करून, जेवढी जाड वायर प्लसला तेवढीच मायनसला, तीही अर्ध्या मीटरच्या आत, असे लाड करायचे नाहीत. सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीला चिकटवून एकाच बाजूने न्या. मग ऍक्सिलरेटर दाबाल तशी स्पीकरमधून चढत जाणारी 'कुईं' ऐकू येईल. आरपीएम मीटरकडे बघायची गरजच उरत नाही.

कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए, म्हणजे ऍम्प्लिफायरला सिग्नल द्यायची सॉकेटं, नसतात, म्हणून स्पीकरच्या वायरींतून तो सिग्नल काढून देणारा हाय-लो कन्व्हर्टर लावतात. तो टाळून दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र पिळा आणि बॉडीला द्या. या स्टिरिओत प्लस आणि मायनस दोन्ही टोकांवर व्होल्टेज असतं, अर्थला एकही नसतं. त्यामुळे आतली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, बहुतेक त्याच दिवशी निवृत्त होते. सॉकेटचा तयार कपलर मिळत असताना कंपनीचं वायरिंग कापून काळी टेप गुंडाळा. वॉरंटीचा विषयही तिथेच मिटतो.

दारांबाबत थोडक्यात. आतल्या पत्र्याची मोठी भोकं ब्यूटाइल रबराच्या चिकट शीटने झाकली की दाराचं डबडं वाजायचं थांबतं, दोन्ही दारांना मिळून दोनेक चौरस मीटर माल पुरतो. शीट लावायचीच झाली तर खालची पाणी जायची भोकंही बुजवा. कोकणात एक पावसाळा काढा, दार वळणावर डुचमळायला लागेल. स्पीकरखालची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, घ्या, म्हणजे तीही फुगेल. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले तर बेस आपोआप गायब होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून कोन बाहेर येतो की आत जातो हे बघणं अगदीच सोपं असल्यामुळे कोणी बघत नाही.

वूफरची, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरची, गोष्ट मोठी आहे. एका केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे जागा हातभरही नसते. तिथे दहा इंची कमी खोलीचा वूफर, १८ मिलिमीटर एमडीएफची पंधरा-वीस लिटरची बंद पेटी, कडा सिलिकॉनने सीलबंद, एवढं बसतं आणि ठीक वाजतं. तुम्हाला बारा इंचीच हवा. त्याला तीस लिटरच्या आसपास पेटी लागते. ती मावत नाही, म्हणून पेटीच काढून टाका. उघड्या वूफरचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मागे हवेचा दाब नसल्याने कोन वाटेल तसा उड्या मारून लवकरच फाटतो. किंवा सरळ मागे हौद्यात ठेवा, टोमॅटोच्या कॅरेटशेजारी. वरच्या थरातले टोमॅटो दुकानापर्यंत बऱ्यापैकी पिकतील.

शेवटी गेन, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी ऍम्प्लिफायर जुळवायचं बटण. ते व्हॉल्यूमचं बटण आहे असं समजून शेवटापर्यंत पिळा, बेस बूस्टही पूर्ण. मोजमाप करणारे लोक स्पीकर सोडवून, स्टिरिओ तीन चतुर्थांश ठेवून, ५० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटर धरतात: ४ ओहमला १०० वॅट हवे तर २० व्होल्ट, आणि थांबतात. दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचा जाड बेस देत नाहीत. तुम्ही सगळं सगळ्यांना द्या. ऍम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर जाऊन आवाजाची लाट कापली गेली की आधी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, जातात, मग वूफरच्या कॉइलचा वास येतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसं सांगतात. पण वाशी मार्केटला जायची वेळ नेमकी तीच, त्याला इलाज नाही.

ऍम्प्लिफायरला चालू-बंदचा हुकूम देणारी रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या वायरीला न जोडता थेट बॅटरीला दिली असेल, तर गाडी बंद असतानाही ऍम्प्लिफायर अँपिअरभर करंट पीत बसतो. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांच्या सुट्टीत उतरते. सोमवारी पहाटे चार हमाल बोलावून धक्का मारून बघा. जुनी डिझेल गाडी धक्क्यावर उचलायची. नव्या बीएस-६ कॉमन रेल डिझेल गाडीत इंजिनात डिझेल सोडणारे इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडतात आणि कॉम्प्युटरला वीज लागते. बॅटरी पार बसली असेल तर कितीही माणसं लावा, गाडी नुसती पुढे सरकते.