भाड्याचं घर दाखवणाऱ्यांसाठी जादा तास

एजंट मंडळी, अभिनंदन! महारेराने, म्हणजे बिल्डरांवर आणि एजंटांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ मध्ये तुम्हाला शिकवणी लावली, परीक्षेला बसवलं. कार्पेट एरिया एव्हाना तोंडपाठ असेल. पण तो सगळा अभ्यास बिल्डरांच्या प्रकल्पांतल्या विक्रीचा. भाड्याच्या फ्लॅटला तिथे कुणी विचारत नाही. म्हणून ठाण्यात घर शोधताना मला मिळालेलं ज्ञान इथे वाटते आहे. ब्रोकरेज नको.

आधी आडनाव, मग बजेट. नुसतं नाव सांगितलं तर "पुढे?" विचारा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "मूळ गाव कुठलं?", आणि तरीही अडलं तर "नॉनव्हेज खाता?"

मुसलमान नाव ऐकलं की फ्लॅट "आत्ताच गेला". उद्या तीच जाहिरात, त्याच फोटोंसकट, पुन्हा टाका.

लेखी काही देऊ नका.

कायद्याला मुळीच भिऊ नका. अमेरिकेत १९६८ पासून फेअर हाउसिंगचा कायदा आहे. गिऱ्हाइकाचा वर्ण बघून त्याला ठरावीक वस्तीकडे वळवणंही तिथे बेकायदा. आपलं कलम १५ दुकान, हॉटेल, विहिरीपर्यंत येतं आणि खासगी फ्लॅटच्या उंबऱ्याशी थांबतं. 'फक्त पारशी' हा सोसायटीचा पोटनियम तर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वैध ठरवला. २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईला जागा नाकारली तेव्हा आपण सगळे पेटलो होतो, हे खरं. स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना आपण काय सांगतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता एकटी बाई. हिला जपून हाताळा. मला दाखवणाऱ्या गृहस्थांनी किचनमधला नळ सोडून प्रेशर दाखवलं आणि त्या पाण्याच्या आवाजातच विचारलं, "मिस्टर कधी येणार?" येणार नाहीत म्हटल्यावर नळ बंद. "रात्री किती वाजता येता? भाऊ वगैरे राहायला येतील? मासे नाही ना करणार, वरच्या काकूंना वास येतो." सगळी उत्तरं दिली. टोकन घेतलं. संध्याकाळी फोन: "ओनरना चालतंय मॅडम, सोसायटीचा रूल आहे." सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "असला रूलच नाही, ओनरना फॅमिली हवी असेल." ओनर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, मला काहीच अडचण नव्हती. एजंटच म्हणाला, एकट्या बाईला देऊ नका, मागाहून कटकट होते."

म्हणजे रूल केला कुणी? तुम्ही! ओनरने विचारलं नव्हतं, सोसायटीने सांगितलं नव्हतं. आणि वर आव असा की "आम्ही काय मॅडम, मधले लोक." कसले मधले? दारात तुम्हीच उभे असता. कुणाला आत घ्यायचं ते तुम्ही ठरवता आणि पाप मात्र ओनरच्या नाहीतर सोसायटीच्या माथी मारता. महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून घेता, अकरा महिन्यांनी करार रिन्यू झाला की पुन्हा हात पुढे. त्या पैशात ओनरला एवढं सांगायला जीभ झिजते का, की पगाराची स्लिप बघितली, पोलीस व्हेरिफिकेशन होईल, डिपॉझिट मिळेल, बाकी चौकशा आपण करायच्या नाहीत? तेवढं जमत नसेल तर निदान टोकन त्याच दिवशी परत करा. "बघतो मॅडम, उद्या टाकतो" म्हणत झुलवू नका.